सगळ्यांचे हात वर

ग्लेनच्या दारावर तिसऱ्यांदा थाप मारण्याआधी वेनछिनने मफलर नाकावर ओढून घेतला. आत काय असणार ते तिला तीन वर्षांच्या सवयीने ठाऊक होतं. आंबलेल्या बिअरचा वास, त्यात ओल्या मोज्यांचा, त्यात परवाच्या नूडल्सच्या उघड्या डब्याचा. आणि खिडक्या कधीच न उघडता दिवसरात्र हीटर लावल्यामुळे हे सगळं मंद आचेवर शिजत असलेलं. चीनमधल्या हूनान प्रांताच्या हिवाळ्यात सगळ्या शिथांग गावाच्या भिंतींना बुरशी येते. पण या एका खोलीतली बुरशीसुद्धा गुदमरून गेली असावी.

"वेंडी!" दार उघडत ग्लेन म्हणाला. अंगात बनियन, खाली चड्डी, दाढीत सूर्यफुलाच्या बीचं टरफल. "आज रविवार ना?"

"आज गुरुवार. तालीम आहे. मुलं सभागृहात अर्ध्या तासापासून कुडकुडत बसलीत."

"मुलांना थंडी वाजत नसते," असं म्हणून त्याने बनियनवरून पोट खाजवलं आणि दार उघडंच टाकून पँट शोधायला आत गेला.

वेंडी हे नाव तिला त्यानेच पहिल्या दिवशी दिलं होतं, कारण वेनछिन त्याच्या तोंडात बसत नव्हतं. बाईचं नाव तोंडात बसत नाही, पण गावच्या खानावळीतली डुकराची खारी चरबी मात्र बरोबर बसते, असं तिच्या मनात तेव्हाही आलं होतं. ग्लेन कॅनडातला. तिकडे कुठल्याशा गावात फ्रीज विकायचा. बायको सोडून गेली, दुकान बंद पडलं आणि त्याला एकाएकी साक्षात्कार झाला की आपल्याला इंग्रजी येतं. त्या साक्षात्काराच्या जोरावर तो शिथांगच्या शाळेत येऊन बसला. शाळेच्या फाटकावर त्याचा टाय घातलेला दोन पुरुष उंचीचा फोटो लागला, आणि तो टाय त्यानंतर कुणाच्या दृष्टीस पडला नाही.

शाळेच्या लेखी वेनछिन इंग्रजीची शिक्षिका होती. प्रत्यक्षात ती ग्लेनची दुभाषी, मोलकरीण आणि आई होती, आणि हे काम तिच्याकडे येण्याचं कारण इतकंच की शाळेत तिच्याइतकं स्वच्छ इंग्रजी कुणाला येत नव्हतं. विजेच्या कार्डातले पैसे संपले, वेंडी. गिझर बंद पडला, वेंडी. पोट बिघडलं की त्याला दवाखान्यात न्यायचं आणि त्याच्या शौचाचा रंग, दाटपणा डॉक्टरांना समजावून सांगायचा. चार वर्षं विद्यापीठात भाषा शिकली ती बहुधा यासाठीच. वर्गात तो फळ्यापाशी उभा राहून म्हणायचा, "या गावाला गटाराची घाण येते," आणि मुलं तोंडाकडे बघायला लागली की ती भाषांतर करायची, "सर म्हणतात, आपल्या गावची हवा फार वेगळी आहे." मुलं टाळ्या वाजवायची.

हे सगळं ती गिळत होती, कारण तिला शहरात जायचं होतं. नवरा बिन शहरात गाड्या दुरुस्त करायचा. नऊ वर्षांचा श्याओमान त्याच्यापाशी आणि सासूपाशी राहायचा. वेनछिन महिन्यातून एकदा बसने जायची, मुलाची नखं कापायची, त्याला न्हाऊ घालायची आणि रात्र उलटली की परत यायची. श्याओमानला इंग्रजी येत नव्हतं. अजिबात येत नव्हतं. बिन फोनवर हसून सांगायचा, "सुताराच्या घरी मोडकं स्टूल." तिला त्या विनोदाचं हसू येत नसे.

"आज वर्गात काय झालं?" तिने मागच्या आठवड्यात श्याओमानला फोनवर विचारलं होतं.

"काही नाही."

"बाईंनी प्रश्न विचारले? तू हात वर केलास?"

"सगळे करतात," श्याओमान म्हणाला. "मी एकटा खाली ठेवतो. तू ये ना, आई. तू शिकवलंस तर मलाही येईल."

दुसऱ्यांच्या चाळीस मुलांना ती रोज शिकवत होती, आणि ज्याला शिकवायचं होतं तो तीन तासांवर बसून हात मांडीखाली दाबत होता. बदली हवी तर नुसतं हवी म्हणून भागत नाही. नमुना पाठांच्या स्पर्धेत पहिला क्रमांक आला, तर मार्गदर्शक शिक्षिकेचं नाव शहरातल्या शाळांसाठी पुढे जातं. या वर्षीचा नमुना पाठ शिथांगच्या शाळेत होणार होता. शिक्षण कार्यालयाचे लिआव साहेब स्वतः येणार होते, आणि पाठ ग्लेन घेणार होता. अर्थात पाठ वेनछिनने लिहिलेला, चित्रं तिने काढलेली, ग्लेनचं प्रत्येक वाक्य तिने मोठ्या अक्षरांत टंकलेलं. पण बाईचं कोण बघायला येतंय? सगळे यायचे ते त्या गुलाबी नाकाला बघायला.

मुख्याध्यापक च्यु यांनी तिला खोलीत बोलावलं तेव्हा ते टेबलाखालच्या शेगडीवर पाय शेकत, मांड्यांवर रजई घेऊन सुपारी चघळत होते.

"वेनछिन बाई, मुलांना नावं घेऊन उठवायचं नाही या वेळी. मागच्या खेपेला शेजारच्या शाळेनं तेच केलं, खोटं वाटलं. हात वर करू देत. सगळ्यांचे हात वर. जंगल दिसलं पाहिजे हातांचं."

"सगळ्यांना कुठे येतंय, सर?"

"मग? नेहमीचंच. येतं त्यांनी उजवा, नाही त्यांनी डावा." त्यांनी सुपारीचा चोथा वर्तमानपत्रात थुंकला आणि पुडी करून रजईखाली सारली. "तुम्ही काय काल आलात का या धंद्यात?"

काल आली नव्हती. शाळेत असताना तिनेही हेच केलं होतं, गणिताच्या तासाला, साहेब आले की. तेव्हा त्यात काही वाटलं नव्हतं. उलट मोठ्यांच्या गुपितात आपल्याला घेतलं म्हणून मजाच वाटली होती. आता ते तिने वर्गात सांगितलं तेव्हा मुलांचेही डोळे तसेच चमकले.

मुलं तीन वर्गांतून वेचून घेतलेली. जी अगदीच ढ, त्यांना त्या दिवशी ताप येणार असं आधीच ठरलं होतं. फक्त मंग छाइश्या या मुलीला ताप आणता येईना. तिची आजी म्हणाली, "घरी राहिली तर जेवायला कोण घालणार? शाळेत दुपारचं जेवण मिळतं." म्हणून छाइश्या राहिली. आईबाप दोघं दूर कारखान्यात, मुलगी आजीपाशी वाढलेली. आज्ञेत राहण्याची तिला इतकी सवय की 'बस' म्हटलं तर उठ म्हणेपर्यंत उठणार नाही.

"मॅडम," तिने हळूच विचारलं, "मला डावा वर करायचा ना?"

"हो."

"नेहमीच?"

"त्या दिवशी तरी."

"मग मला विचारणार नाहीत?"

"नाही विचारणार. घाबरू नकोस."

छाइश्याचा चेहरा एवढा उजळला की वेनछिनने तिच्याकडे बघायचं टाळलं. कधी नव्हे तो हिचा हात वर जाणार होता.

ग्लेनला सांगणं बाकी होतं. हातांची त्याच्याबरोबरची तालीम एकदाच ठरली आणि नेमकं त्या दिवशी त्याचं पोट बिघडलं, म्हणजे आदल्या रात्रीची बाटली बिघडली. मुलांपुढे वेनछिनच उभी राहिली. तालीम सुंदर झाली. संध्याकाळी ती त्याच्या खोलीत गेली. तो बिया फोडत फोनवर हॉकी बघत होता, टरफलं गादीवर.

"ग्लेन, नीट ऐक. सगळी मुलं हात वर करतील. तू फक्त उजव्या हातांना विचारायचं."

"उजवे. बरं."

"डाव्यांना नाही. एकालाही नाही."

"वेंडी, मी मूर्ख आहे का? उजवे." त्याने तोंडातलं टरफल फू करून उडवलं, ते तिच्या बाहीवर येऊन चिकटलं. "आणि का गं? डाव्यांनी काय पाप केलंय?"

तिने का ते सांगितलं. तो हसला नाही, रागावलाही नाही. "हुशार आहात तुम्ही लोक," एवढं म्हणून त्याने आवाज मोठा केला. ती बाही झटकत बाहेर पडली. त्याला त्यात काहीतरी वाईट वाटलं असतं, तर निदान त्याच्याशी भांडता तरी आलं असतं.

नमुना पाठाच्या दिवशी सभागृहात दोन जिल्ह्यांचे शिक्षक दाटीवाटीने बसले होते, फुगलेल्या जाकिटांत, हातात चहाचे थर्मास. पुढच्या रांगेत लिआव साहेब. त्यांच्या पायाशी खास एक विजेची शेगडी. ग्लेन आंघोळ करून आला होता. टाय सापडला नव्हता म्हणून च्यु सरांनी स्वतःच्या गळ्यातला काढून त्याला बांधला. वेनछिन बाजूला, चित्रं बदलायचं बटण हातात घेऊन उभी.

सुरुवात झकास झाली. सूर्य, ढग, पाऊस, बर्फ. एकेका चित्रावर मुलं एका सुरात ओरडत होती. ग्लेनने टोपी उडवली, छत्री उघडली, मुद्दाम घसरून पडला. मागे बसलेल्या शिक्षिका हसल्या. लिआव साहेब मान डोलवत होते. वेनछिनच्या मनात श्याओमानचं अभ्यासाचं टेबल आलं. खिडकीपाशी ठेवायचं, दिवा डावीकडे.

मग ग्लेनने इंग्रजीत विचारलं, "आज हवा कशी आहे? कोण सांगेल?"

चाळीसच्या चाळीस हात वर. सभागृहातून एक समाधानाचा हुंकार निघाला. च्यु सरांना हवं होतं ते जंगल उभं राहिलं होतं. ग्लेन मुलांच्या तोंडासमोर उभा होता. त्याने आपल्याकडून बघता डोक्याच्या उजव्या बाजूला वर आलेले हात शोधले, खुशीत मान हलवली, आणि पहिल्या रांगेतल्या छाइश्याकडे बोट केलं.

वेनछिनला ते बोट बघताच कळलं. त्याचा उजवा! समोर तोंड करून उभ्या असलेल्या माणसाची उजवी बाजू म्हणजे मुलांची डावी. दोन महिने तिने वाक्यं घोटली, चित्रं रंगवली, आणि एवढी साधी गोष्ट डोक्यात आली नाही. कारण तालमीत तिथे ती स्वतः उभी होती आणि तिला मुलांचा उजवा कुठला हे न विचारता कळत होतं.

छाइश्या उठली. तिने आपल्या वर केलेल्या हाताकडे पाहिलं. मग ग्लेनकडे, मग वेनछिनकडे.

"हां, छान, छान! हवा कशी आहे?" ग्लेन म्हणाला.

"सर," ती आपल्या भाषेत, स्पष्ट, अगदी नम्रपणे म्हणाली, "मी डावा हात वर केलाय."

ग्लेनला एक अक्षर कळलं नाही. "शाब्बास!" असं ओरडून त्याने तिला बसवलं आणि दुसऱ्या मुलाकडे बोट केलं. त्याचाही हात त्याच बाजूचा. तो मुलगा उठला, "माझाही डावाच आहे," म्हणाला आणि आपणहून बसला. मागच्या रांगेत कुणीतरी फसकन हसलं. तिसरी मुलगी उठली ती रडायलाच लागली. तेव्हा वर्गाची मॉनिटर, तालमीत सर्वांत चोख असलेली, मदत करावी म्हणून उभी राहून खणखणीत आवाजात ओरडली, "ग्लेन सर, उजव्यांना विचारा! आम्हाला येतंय! उजव्यांना!"

सगळं सभागृह हसायला लागलं. ग्लेनलाही वाटलं आपला पाठ भलताच रंगलाय. तोही हसला आणि पुन्हा एकदा घसरून पडला. वेनछिन बटण दाबत राहिली. पडद्यावर सूर्य आला, ढग आला, पाऊस आला, बर्फ आला आणि पुन्हा सूर्य आला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, आणि तेही दोन जिल्ह्यांपुढे.

जेवणाला जावंच लागलं. गोल टेबलावर माशाचं डोकं लाल मिरच्यांखाली गाडलेलं, डुकराचं मांस, कडू पालेभाजी, आणि पांढरी दारू. च्यु सर तोंड पाडून बसले होते. वेनछिन भाताचा एकेक दाणा उचलत होती. आता बदली विसरा. आता ग्लेनचं विजेचं कार्ड भरत इथेच म्हातारं व्हा.

लिआव साहेबांनी मोठ्या समाधानाने सुपारी गालात सारली, पेला उचलला आणि म्हणाले, "पाठ उत्तम होता."

च्यु सरांनी मान आणखी खाली घातली.

"अहो, तोंडं काय पाडलीत? डावा-उजवा आम्ही नाही केला? मी मास्तर होतो तेव्हा आम्ही तर येतं त्यांना डोळा मिचकावायला लावायचो. माझ्या वर्गात एकाला डोळ्यांचं दुखणं होतं, रोज तोच उठायचा!" ते स्वतःच्याच विनोदावर इतके हसले की सुपारीचा लाल रस हनुवटीवर आला. रुमाल सापडेना तेव्हा त्यांनी तो टेबलक्लॉथला पुसला. "मुलं तयार आहेत, शिस्त आहे, परदेशी माणूस आहे. दोष एकच, तंत्रात. परदेशी माणसाला डावं-उजवं कळत नाही. त्याला उपाय काय? बाई, तुम्ही सांगा. पाठ तुमचा ना?"

टेबलाभोवतीची सगळी तोंडं तिच्याकडे वळली. वेनछिनला खरोखर त्या क्षणी किळस आली होती. त्या लाल डागाची, माशाच्या पांढऱ्या डोळ्याची, शेजारी बसून कॅनडातल्या एका मैत्रिणीला माशाचे फोटो पाठवणाऱ्या ग्लेनची. उठून सांगावं, साहेब, उपाय म्हणजे मुलांना शिकवणं. शब्द जिभेवर आले. आणि तिला श्याओमान दिसला, हात मांडीखाली दाबून बसलेला.

"पंजा आणि मूठ," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"सगळ्यांनी उजवाच हात वर करायचा, साहेब. येतं त्यांचा पंजा उघडा. येत नाही त्यांची मूठ." तिने करून दाखवलं, आधी पंजा, मग मूठ. आपला हात दुसऱ्याच कुणाचा असावा तसा तिला तो दिसला. "समोरून बघा, मागून बघा, चूक व्हायची नाही. आणि शेवटच्या रांगेतून पाहिलं तर नुसते हातच दिसतात."

लिआव साहेबांनी मांडीवर थाप मारली. "वा! झाकली मूठ सव्वा लाखाची! च्यु, ऐकलंत? ही बाई इथे काय करतेय? असं डोकं शहरात पाहिजे." त्यांनी सगळ्यांना आपापला हात वर करायला लावला. टेबलाभोवती बारा पंजे, मग बारा मुठी. माणसं लहान पोरांसारखी खिदळत होती. ग्लेनने विचारलं, काय चाललंय? तिने इंग्रजीत सांगितलं. तो म्हणाला, "आमच्या दुकानात मालक यायचा तेव्हा आम्ही रिकामे खोके भरलेल्यांसारखे रचायचो. सगळीकडे तेच गं." आणि मूठ उंचावून तिच्या आरोग्यासाठी पेला रिकामा केला. तीही प्यायली. दारू नाकात गेली आणि डोळ्यांना पाणी आलं. लोकांना वाटलं, आनंदाने आलं.

मग ती मोरीवर जाऊन ओणवी उभी राहिली. ओकारी येईल असं वाटत होतं, ती आली नाही. एवढं सगळं गिळलेलं तिच्या पोटाने निमूट ठेवून घेतलं होतं.

सोमवारी च्यु सर म्हणाले, "ती मंगची मुलगी मागच्या वर्गात टाका. फार बोलते." त्या मुलीने जन्मात बोललेलं बहुधा ते एकच वाक्य होतं. पण वेनछिनने ते काम केलं. छाइश्याने आपलं बाक आपणच उचललं, आणि जिन्यापाशी ते खाली टेकवून ती थांबली.

"मॅडम, मला खरंच येत नव्हतं. मग डावाच ना?"

"डावाच."

"मग मी काय चुकले?"

"चुकली नाहीस," वेनछिन म्हणाली. "बोललीस."

छाइश्याने मान हलवली, हे नीट लक्षात ठेवायला हवं अशी, आणि बाक उचलून जिना उतरायला लागली. आपल्या तोंडाला वास येतोय असं वेनछिनला उगाच वाटलं. तिने दुपारी दोनदा दात घासले.

पहिला क्रमांक आला. ग्लेनला मैत्रीचं मानपत्र आणि मोठा फुलांचा गुच्छ मिळाला. गुच्छ त्याने बाथरूमच्या बादलीत ठेवला आणि तो तिथेच कुजला. बदली होऊन जाण्याच्या दिवशी वेनछिनने त्याचं विजेचं कार्ड नव्या शिक्षिकेच्या हातात दिलं. "वास येतो का?" त्या बिचारीने विचारलं. "सवय होते," वेनछिन म्हणाली. बस सुटली तेव्हा फाटकावरच्या टाय घातलेल्या फोटोकडे तिने मान वळवूनही पाहिलं नाही.

शहरात आल्यावर पहिल्याच आठवड्यात तिने ते टेबल आणलं. खिडकीपाशी ठेवलं, दिवा डावीकडे. चित्रांची पुस्तकं आणली. तिची नवी शाळा सासूच्या घरापासून लांब होती, पण संध्याकाळी सहाला ती घरात असायची. एवढंच तर हवं होतं. नव्या शाळेच्या पहिल्या सभेत उपमुख्याध्यापिकेने पाहुणे आल्यावर काय काय करायचं ते सांगितलं आणि शेवटी म्हणाल्या, "आणि हात. पंजा म्हणजे येतं, मूठ म्हणजे येत नाही. सगळीकडे हेच सुरू झालंय आता, परदेशी शिक्षकांनाही सोपं जातं." बायकांनी माना डोलावल्या. वेनछिन आपली नखं बघत बसली. नालीतून सोडलेलं पाणी वळून आपल्याच दारात आलं तर कुणाला बोल लावायचा? काम संपलं, आता माझा त्याच्याशी संबंध नाही, असं तिने स्वतःला बजावलं, आणि घरी जाताना मुलासाठी गोड बटाटे घेतले.

श्याओमान मात्र टेबलाशी टिकेना. आज दमलो, उद्या बसू. तिने जोर केला नाही. इतक्या वर्षांनी आलेली आई, पहिल्याच महिन्यात छडी कशी घेणार? शिवाय एक दिवस तो स्वतःच म्हणाला, "आता मी पण हात वर करतो." ती एवढी हरखली की बिनला गॅरेजमध्ये फोन लावून सांगितलं. "बघ, मोडकं स्टूल नीट बसलं!" बिन ओरडला.

पालकांसाठी वर्ग खुला ठेवण्याचा दिवस आला तेव्हा तिने अर्धी रजा काढली. मागच्या भिंतीशी लहान स्टुलांवर आईबाप दाटीने बसले. परदेशी शिक्षिका तरुण, नीटनेटकी, आवाज गोड. ग्लेनसारखी नव्हती, आणि वेनछिनला पहिल्यांदा बरं वाटलं. शिक्षिकेने प्रश्न विचारला. साधाच, हवामानाचा.

सगळ्यांचे हात वर.

दुसऱ्या रांगेत श्याओमानचा हात सर्वांत ताठ होता, कोपर सरळ, खांदा कानाला लागलेला. टोकाला मूठ. घट्ट, छोटी, वळलेली मूठ. तिच्यावरून शिक्षिकेची नजर गेली आणि न थांबता पुढच्या पंज्यावर जाऊन टेकली. श्याओमानने वळून आईकडे पाहिलं. दात काढून हसला. दुसऱ्या प्रश्नाला मूठ, तिसऱ्यालाही मूठ, चौथ्याला तर तो हात वर करून अर्धा उभा राहिला. एकदाही त्याचा हात खाली नव्हता, आणि एकदाही कुणी त्याला काही विचारलं नाही.

"तुमचा का तो?" शेजारची बाई कौतुकाने म्हणाली. "काय हुशार आहे हो! प्रत्येक वेळी हात वर."

"हो," वेनछिन म्हणाली. "माझाच."

परतताना नाक्यावरच्या गाडीवर आंबवलेला, उग्र वासाचा काळा टोफू तळला जात होता. एरवी तिला तो वास आवडायचा. आज तिने श्याओमानला घेऊन दिला आणि स्वतः दोन पावलं लांब उभी राहिली. तो फुंकर घालून खात होता, ओठ मिरचीने लाल.

"श्याओमान, आज संध्याकाळी बसू हां आपण टेबलाशी. हवामानापासून सुरुवात करू. मी सगळं शिकवते तुला."

"आता कशाला, आई?" तो म्हणाला, आणि तिची काळजी मिटावी म्हणून तेलकट हाताची मूठ करून तिच्यासमोर उंच धरली. "आता नाही आलं तरी चालतं."